सिंगल माल्ट: बाटलीवरची बारीक अक्षरं आणि आपलं नाक

पंधराएक वर्षांपूर्वी मेहुण्यानं हीथ्रोहून येताना एक लिटरची सिंगल माल्ट आणली. बाटली जाड पुठ्ठ्याच्या गोल नळकांड्यात होती आणि वर सोनेरी अक्षरांत 15 लिहिलेलं. गच्चीवर चौघं जमलो, कांदाभजी आली, मिरचीचा ठेचा आला, ग्लासात काठोकाठ बर्फ आणि त्यावर सोडा. दुसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "एवढी महागाची ती, कशी होती?" मी खरं तेच सांगितलं, "थंड होती."

बाटलीत काही दोष नव्हता. ती निवडायची कशी आणि प्यायची कशी, हे आम्हा चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. नंतर हळूहळू कळत गेलं, आणि पहिली गोष्ट कळली ती ही: बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जो वयाचा आकडा असतो, त्यावर आपण नको इतके भाळतो. कामाच्या गोष्टी बारीक अक्षरांत असतात. माल कुठल्या पिंपात मुरला, त्यात अल्कोहोल किती टक्के आहे, तो गाळला कसा आहे. तेवढं वाचता आलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं नाकाचं.

नावात नेमकं काय कबूल केलेलं असतं

"सिंगल" म्हणजे एकाच पिंपातली, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, एकाच व्हिस्की गाळणाऱ्या कारखान्यातली. तिथली शंभर पिंपं एकत्र करून बाटल्या भरल्या तरी ती सिंगल माल्टच. एकाच पिंपातली असेल तर तिला "सिंगल कास्क" म्हणतात आणि ती बहुधा जास्त महाग असते. "माल्ट" म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. मटकीला मोड आणतो तसंच काम, फक्त मोड थोडे आले की भट्टीत वाळवून ते थांबवायचं. "स्कॉच" म्हणजे स्कॉटलंडमध्येच बनवलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरवलेली.

हे सगळं 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांत पक्कं बांधलेलं आहे. सिंगल माल्टमध्ये जव, पाणी आणि यीस्ट याशिवाय धान्यबिन्य काही चालत नाही. ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करून दारू काढणं, ते तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, हंड्यासारख्या भांड्यात, घाण्याघाण्यानं. पिंप 700 लिटरपेक्षा मोठं नको, बाटलीत अल्कोहोल 40 टक्क्यांच्या खाली नको, आणि 2012 पासून सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. पाण्याशिवाय वरून घालायला परवानगी एकाच गोष्टीची: रंगासाठी साधं कॅरॅमल.

"ब्लेंडेड स्कॉच" वेगळी. तिच्यात अनेक डिस्टिलऱ्यांचे माल्ट असतात आणि त्यांच्या जोडीला गहू किंवा मक्यापासून सलग चालणाऱ्या उंच स्तंभात काढलेली ग्रेन व्हिस्की. जगात खपणारी बरीचशी स्कॉच हीच असते. ती कमी दर्जाची असते असं अजिबात नाही. "ब्लेंडेड माल्ट" ही तिसरी जात: सगळं माल्टच, पण एकाहून जास्त डिस्टिलऱ्यांचं. दुकानात घाईत बघताना "माल्ट" एवढंच दिसतं आणि माणूस तीच सिंगल समजून घेऊन येतो. घ्यायला हरकत नाही, काय घेतोय ते माहीत असलं म्हणजे झालं.

चव येते कुठून

डिस्टिलरीत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. मोड आणून वाळवलेला जव भरडतात, गरम पाण्यात घालून त्यातली साखर उतरवून घेतात, यीस्ट घालून दोन ते चार दिवस आंबवतात. तयार होते ती साधारण 8 टक्क्यांची, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नसलेली बिअरच. ती पॉट स्टिलमधून दोनदा काढतात. दुसऱ्या फेरीत जे पहिलं येतं ते उग्र, जे शेवटी येतं ते जड आणि कुबट. मधला भाग तेवढा ठेवतात. हे नवं स्पिरिट पाण्यासारखं पारदर्शक आणि साधारण 70 टक्क्यांचं असतं. त्यात पाणी घालून, बहुतेक ठिकाणी 63.5 टक्क्यांवर आणून, पिंपात भरतात.

स्टिलचा आकारही फरक पाडतो. ग्लेनमॉरंजी डिस्टिलरीची स्टिल्स 5 मीटरहून उंच आहेत. जड वाफ वरपर्यंत पोचतच नाही, परत खाली येते, म्हणून तिथलं स्पिरिट हलकं, फळांच्या वासाचं. ग्लासगोजवळच्या ऑकनटॉशनमध्ये दोनऐवजी तीनदा ऊर्ध्वपातन करतात, त्यामुळे तेही हलकं.

पण खरी करामत पिंपाची. रंग तर जवळजवळ सगळा तिथूनच येतो आणि चवीचा मोठा हिस्साही. दोनच जाती लक्षात ठेवा.

पहिली, बर्बनची पिंपं. बर्बन ही अमेरिकेतली, मुख्यतः मक्याची व्हिस्की. तिथल्या कायद्यानुसार ती नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप त्यांच्या कामाचं राहत नाही, ते स्कॉटलंडला येतं. साधारण 200 लिटरचं. त्यातून व्हॅनिला, मध, ओलं खोबरं, पिकलेल्या पेअरसारखं काहीतरी येतं. रंग फिकट, गव्हाच्या काडीसारखा.

दुसरी, शेरीची पिंपं. शेरी ही स्पेनच्या दक्षिणेची वाइन. पिंपात काही काळ शेरी भरून ठेवतात, मग ती काढून त्यात व्हिस्की भरतात. यातली मोठी पिंपं 500 लिटरची. मनुका, सुकं अंजीर, खारीक, जायफळ, आणि कधीकधी कातडी पट्ट्याचा वास. रंग तांबूस.

बरेचदा दोन्ही वापरतात. आधी दहा-बारा वर्षं बर्बनच्या पिंपात आणि शेवटचे काही महिने शेरीच्या किंवा पोर्ट या पोर्तुगालच्या गोड वाइनच्या. याला "फिनिश" म्हणतात. लेबलवर "डबल वूड", "शेरी कास्क फिनिश" असं दिसलं की हा प्रकार समजावा.

पिंप कितव्यांदा भरलंय हेही महत्त्वाचं. चहाची तीच पावडर तिसऱ्यांदा उकळली तर जे होतं, ते इथेही होतं. थकलेल्या पिंपात 18 वर्षं काढलेली व्हिस्की, ताज्या पिंपातल्या 10 वर्षांच्या व्हिस्कीपुढे फिकी पडू शकते. लेबलवर "फर्स्ट फिल" (स्कॉच पहिल्यांदाच भरलेलं पिंप) लिहिलेलं असेल तर ते जाहिरातीचं नाही, माहितीचं वाक्य आहे.

वयाच्या आकड्याचं काय करायचं

लेबलवरचं वय म्हणजे बाटलीतल्या सगळ्यात तरुण थेंबाचं वय. 12 लिहिलंय म्हणजे आत 12 च्या खालचं काही नाही, 20 वर्षांचं असूही शकतं. आणि वय पिंपातलं मोजतात. बाटलीत भरल्यावर व्हिस्की म्हातारी होत नाही. मामांनी 1995 साली घेतलेली 12 वर्षांची बाटली आजही 12 वर्षांचीच आहे.

जास्त वय महाग का, तर पिंपातून दरसाल थोडं उडून जातं. त्याला तिकडे "देवदूतांचा वाटा" म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामांत हा वाटा वर्षाला साधारण 2 टक्के. म्हणजे बारा वर्षांत पाचवा हिस्सा गेला, वर गोदामाचं भाडं आणि अडकलेलं भांडवल. किंमत वाढते ती यामुळे. चवीनं त्याच प्रमाणात वर जावं असा काही करार नसतो.

हवामान बदललं की गणितच बदलतं. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत देवदूत वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त पितात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, तिथेही उष्णतेनं पिंप आणि व्हिस्की यांचं देणंघेणं झपाट्यानं होतं. या व्हिस्क्या स्कॉच नव्हेत, पण चार-सहा वर्षांत बाटलीत भरायच्या लायक होतात, त्या यामुळेच. आकडा लहान म्हणून त्यांना नाक मुरडणाऱ्यांना हे सांगून पाहावं. काहींचं मत बदलतं.

ज्या बाटलीवर वय लिहिलेलंच नसतं तिचं काय? "रिझर्व्ह", "सिलेक्ट" अशा शब्दांना कायद्यात अर्थ नाही. त्यात चांगल्याही असतात. अबरलावर या डिस्टिलरीची अबूना वय न सांगणारी आहे, पण शेरीच्या पिंपातली, पाणी न घातलेली, 60 टक्क्यांच्या आसपासची. ती तिच्या जोरावर उभी राहते. नुसतं गोड नाव, 40 टक्के, पिंपाबद्दल चकार शब्द नाही आणि भाव मात्र 12 वर्षांच्या बाटलीच्या वर, अशी असेल तर मी पुढे जातो.

टक्के आणि दोन बारीक ओळी

मी बाटली हातात घेतली की आधी टक्के बघतो. 40 हा कायद्यानं ठरवलेला तळ. 43 असेल तर बरं. 46 किंवा वर असेल तर त्यात एक संकेत दडलेला असतो. व्हिस्की थंड झाली की 46 च्या खालच्या व्हिस्कीत तेलकट घटक गोठून ती किंचित गढूळ दिसते. गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून कंपन्या ती आधीच थंड करून गाळतात. गाळताना ते घटक जातात आणि जिभेवरचा थोडा स्निग्धपणाही जातो. 46 च्या वर ही भीती राहत नाही, म्हणून तिथे बहुधा "नॉन चिल फिल्टर्ड" ही ओळ दिसते. आर्डबेग 10 वर्षांची 46 टक्के आहे, बुनाहाव्हेन 12 वर्षांची 46.3, ब्रुकलॅडीची क्लासिक लॅडी 50.

दुसरी ओळ रंगाची. "नॅचरल कलर" लिहिलं असेल तर कॅरॅमल घातलेलं नाही. काही लिहिलं नसेल तर घातलेलं असू शकतं. ड्यूटी फ्रीमधल्या बाटलीवर जर्मनमध्ये "मिट फार्बस्टॉफ" दिसलं तर रंग घातलाय हे नक्की, कारण जर्मनीत तसं छापावंच लागतं. रंगानं चव फारशी बिघडत नाही. पण गडद दिसली म्हणजे जुनी असणार, हा हिशेब त्यामुळे खोटा ठरतो.

"कास्क स्ट्रेंग्थ" म्हणजे पिंपातून निघाली तशीच, पाणी न घालता. 55 ते 60 टक्क्यांच्या घरात. पहिली बाटली म्हणून ही घेऊ नका.

धुराचा प्रश्न

सिंगल माल्टवरून माणसांचे दोन तट पडतात ते धुरावरून. आयला नावाचं बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला आहे. झाडं कमी, दलदल भरपूर. दलदलीत शतकानुशतकं साचलेलं शेवाळ आणि झुडपं यांचा काळा, मऊ थर म्हणजे पीट. तो विटांसारखा कापून वाळवून जाळतात. मोड आलेला ओला जव या धुरावर वाळवला की धुरातले फिनॉल नावाचे वासाचे घटक त्याच्या सालीत बसतात आणि थेट तुमच्या ग्लासापर्यंत येतात.

आयलाच्याच लाफ्रॉइगचा पहिला वास घेतल्यावर आमच्या घरातल्या थोरल्या काकांनी "हे तर टिंक्चर आयोडीन!" म्हणून ग्लास खाली ठेवला होता. त्यांचं नाक बरोबर होतं, वास तसाच आहे. काहींना तो पहिल्या क्षणी आवडतो, काहींना तिसऱ्या बाटलीला, काहींना कधीच नाही. कधीच न आवडणं हा गुन्हा नव्हे. दारूच्या बैठकीत "खरा जाणकार पीटच पितो" असं सांगणारा एकजण असतोच. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

इथे वयाचा आकडा आणखी एकदा तोंडघशी पडतो. पिंपात वर्षं जातात तसा धूर विरत जातो. धूर हवा म्हणून जास्त पैसे टाकून 25 वर्षांची आणाल तर मिळेल मऊ, विचारी व्हिस्की. भडका हवा असेल तर 8-10 वर्षांचीच घ्या.

प्रांतांची नावं लेबलवर असतात: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कँपबेलटाउन, आयला. कायद्यातले प्रांत हे पाचच. स्काय, ऑर्कनी ही बेटं हायलँडमध्येच धरली जातात. देशातल्या सगळ्यात जास्त डिस्टिलऱ्या स्पेसाइडमध्ये आहेत. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं 1824 साली रीतसर परवाना काढला तेव्हा त्याच्या खोऱ्यातले चोरून गाळणारे शेजारी इतके भडकले की तो कमरेला पिस्तुलं लावून फिरे. प्रांतावरून चव ओळखायचे दिवस मात्र सरले. आयलाची बुनाहाव्हेन बहुतांश बिनधुराची, आणि हायलँडची आर्डमोर धुराची. म्हणून मी मनात तीनच कप्पे ठेवतो: बर्बन पिंप, शेरी पिंप, धूर.

खरेदी

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण लागतं आणि परवानाही. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. आजीवन काढून टाका, कटकट संपते.

पहिल्यांदा अख्खी बाटली घेऊ नका. बारमध्ये 30 मिलिलिटरचा एकच पेग मागा, किंवा 50 मिलिलिटरची मिनिएचर मिळाली तर ती घ्या. मागताना नाव नीट घेतलं तर बरं, आणि त्या बाबतीत देवनागरी इंग्रजीपेक्षा फार सोयीची: आयला (इस्ले नव्हे), कूल ईला, ब्रुकलॅडी, ऑकनटॉशन, लाफ्रॉइग, आणि ग्लेनमॉरंजी म्हणताना जोर "मॉ"वर. तीन-चार मित्र मिळून वर्गणी काढा आणि तीन बाटल्या घ्या. एकट्यानं एक महागडी घेण्यापेक्षा तीन वेगळ्या जातींच्या बारा वर्षांच्या घेऊन जास्त शिकायला मिळतं.

परदेशाहून कोणी येत असेल तर भारतात उतरताना माणशी 2 लिटर ड्यूटी फ्री आणता येते. तिथे अडचण अशी की दुकानात वेगळ्या खास आवृत्त्या जास्त दिसतात, एक लिटरच्या, वय नसलेल्या, 40 टक्क्यांच्या. मेहुण्याला फक्त "एक चांगली आण" सांगू नका. नाव, वय, टक्के लिहून पाठवा. इथे स्कॉच महाग, कारण आयातशुल्क वर्षानुवर्षं 150 टक्के राहिलं आणि त्यावर राज्याचे कर. जुलै 2025 मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या करारात हे शुल्क आधी 75 आणि मग दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलंय. राज्याचे कर त्यात येत नाहीत, म्हणून बाटली लगेच अर्ध्या किमतीला मिळेल अशी आशा धरू नका.

ओळखीतल्या ओळखीतून "आर्मीची आहे", "एअरपोर्टची आहे" म्हणून स्वस्तात येणारी बाटली घेऊ नका. महागड्या रिकाम्या बाटल्यांत भलतंच भरून विकतात. झाकणाचं सील आणि उत्पादनशुल्काचं लेबल बघा. आपली रिकामी बाटली भंगारात देताना तिचं लेबल फाडून द्या.

मला कोणी तीन नावं विचारली तर: बर्बन पिंपासाठी ग्लेनमॉरंजी ओरिजिनल (पूर्वी 10 वर्षांची होती, 2024 पासून 12 ची), शेरीसाठी ग्लेनड्रॉनक 12, धुरासाठी कूल ईला 12. शेवटची मिळाली नाही तर स्कायची टॅलिस्कर 10, तिच्यात धूर थोडा कमी आणि शेवटी काळ्या मिरीचा चटका.

ग्लास, पाणी, बर्फ

ग्लास खाली फुगीर आणि तोंडाशी अरुंद हवा, म्हणजे वास वरच्या वर उडून जात नाही. त्यासाठी ग्लेनकेर्न नावाचा छोटा ट्युलिपच्या आकाराचा ग्लास आता सगळीकडे मिळतो. नसेल तर लहान वाइन ग्लास चालेल. आपला कटिंगचा ग्लास मात्र नेमका उलटा: तळाशी अरुंद, वर रुंद. चहाला उत्तम, इथे कुचकामी.

पाणी घातलं तर पाप, असं काही नाही. स्कॉटलंडमध्येही घालतात. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर हिशेब मांडून दाखवलं की अल्कोहोलचं प्रमाण कमी असलं की धुरकट वासाचा ग्वायकॉल हा घटक द्रवाच्या पृष्ठभागाशी जमतो. 45 टक्क्यांच्या खाली तो वर राहतो, 59 च्या वर खाली दडतो. पिणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, कारण माहीत नव्हतं. किती घालायचं? 43 टक्क्यांच्या 30 मिलिलिटरला अर्धा चमचा, चहाचा. 60 टक्क्यांच्या 30 मिलिलिटरला दोन चमचे, की ती 45 वर येते. गाळलेलं, बिनवासाचं पाणी घ्या. क्लोरीनचा वास असलेलं नळाचं पाणी सगळ्यावर बोळा फिरवतं.

बर्फानं वास मिटतो आणि जीभ बधिर होते, म्हणून चव बघताना बर्फ नको. पण एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही: त्यांची "खोलीच्या तापमानाला प्या" ही सूचना 18-20 अंशांच्या खोलीची असते. नागपुरात मे महिन्यात खोली 38 वर असते, तेव्हा ग्लासातून नुसतं अल्कोहोल नाकात घुसतं. अशा वेळी रिकामा ग्लास पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पुसून घ्या, मग ओता. चव घेऊन झाल्यावर दुसऱ्या पेगमध्ये बर्फ घातलात तर कोणाची हरकत असायचं कारण नाही. सोडा घालून प्यायची असेल तर त्याला ब्लेंडेड स्कॉच जास्त शोभते आणि खिशालाही बरी.

एक संध्याकाळ, तीन बाटल्या

जेवणाआधी बसा. त्या तासाभरात घरात फोडणी नको, उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको. पान-तंबाखू खाल्लेल्या तोंडाला काही कळत नाही. प्रत्येकाला तीन ग्लास, दर ग्लासात 15 मिलिलिटर. क्रम: बर्बन पिंप, शेरी, शेवटी धूर. उलट केलंत तर पहिल्या धुरानंतर बाकीच्या दोन्ही पाणचट लागतील.

ओतून दहा मिनिटं तसंच ठेवा. ग्लास फिरवून आतून उतरणारे ओघळ बघायची पद्धत आहे. त्यावरून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. ग्लासात नाक खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून ग्लास हनुवटीपाशी धरा आणि हळूहळू वर आणा. जिथे झणका लागतो त्याच्या थोडं अलीकडे थांबा. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, ते पुन्हा ताळ्यावर येतं.

आता शब्द. बाटलीमागे "हेदर", "गूजबेरी", "ख्रिसमस केक" असं छापलेलं असतं. हेदरचं फूल आपल्यापैकी किती जणांनी हुंगलंय? तो शब्द वाचून आपल्याला काही येत नाही असं वाटू लागतं. आमच्या एका बैठकीला किराणा दुकान चालवणारा मित्र होता. येतानाच म्हणाला, "मला वासबीस कळत नाही, तुम्ही बोला, मी पितो." ग्लेनमॉरंजीवर नाक धरून तो दोन क्षण थांबला आणि म्हणाला, "कस्टर्ड पावडरचा डबा उघडला की येतो, तो वास. आणि बाजूला कोणीतरी संत्रं सोललंय." ग्लेनड्रॉनकला: "खारकेचं पोतं. वरचं नाही, तळातली चिकटलेली खारीक." कूल ईलाला त्यानं डोळे मिटले. "होळीवर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओततात ना, ती ओली राख." मग अर्धा चमचा पाणी घातलं, पुन्हा हुंगलं. "आता त्यात लिंबाची सालपण आहे." छापील वर्णनात यापेक्षा नेमकं काही नव्हतं. ज्या माणसाचा दिवस पोत्यांत आणि डब्यांत जातो, त्याचं नाक तयारच असतं, फक्त त्याला कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून बैठकीच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातले डबे उघडा. डोळे मिटून जायफळ, वेलदोडा, मनुका, काकवी, भाजलेल्या जवाचं पीठ, सुकं खोबरं हुंगून घ्या. संध्याकाळी ते वास आपणहून समोर येतात.

मग घोट. पहिला अगदी थोडा, जिभेला सवय व्हावी म्हणून. त्यावर मत देऊ नका. दुसरा घोट दहाएक सेकंद तोंडात फिरवा, मग गिळा आणि तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. गिळल्यानंतर काय उरतं आणि किती वेळ उरतं, तेही बघायचं असतं. एका ओळीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी वाचताना मजा येते.

चकण्याचं दुःख असं की आपला सगळा चकणा तिखट. मसाला शेंगदाणे, शेव, चकली यांच्यापुढे बारा वर्षांची मेहनत वाया जाते. चव बघून होईपर्यंत साधे भाजलेले बदाम, सुकं अंजीर, कडू चॉकलेट. धुराच्या माल्टबरोबर आयलावर कालवं खातात, शिंपल्यातल्या कालवावर थेंबभर व्हिस्की ओतून. कोकणातल्या ज्यांना ताजी कालवं मिळतात त्यांनी हे जरूर करून बघावं. भजी नंतर येऊ द्या.

तीन वेळा 15 म्हणजे दीड पेग झाला, पुरे. कायद्यानं रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते, तेव्हा गाडीची किल्ली घरीच राहू दे. रक्तदाबाची, साखरेची किंवा झोपेची गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

बाटली ठेवताना

उभी ठेवा. मी एक बाटली वाइनसारखी आडवी ठेवली होती, दोन वर्षं, मोठ्या हौशीनं. चाळीस टक्के अल्कोहोलनं बुचाचा भुगा केला. उघडताना निम्मं बूच हातात आलं, निम्मं आत पडलं. शेवटी चहाच्या गाळणीवर फडकं घालून गाळून घेतली, चव वाचली, पण पाहुण्यांसमोर गाळणी धरून उभं राहायचं ते राहिलोच.

ऊन लागू देऊ नका, गॅसच्या वरचं कपाट नको. उघडलेली बाटली भरलेली असेल तर वर्षभर छान राहते. तिसऱ्या हिश्शावर आली की आत हवा जास्त, धूर आणि फळांचे वास दोन-चार महिन्यांत मवाळ होतात. तेव्हा लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, नाहीतर मित्रांना बोलवा.

आणि पिऊन झाल्यावर ग्लास लगेच धुवायला टाकू नका. रात्रभर तसाच ओट्यावर राहू द्या. सकाळी चहा ठेवण्याआधी तो उचलून हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, झणका राहत नाही, आणि पिंपाचं लाकूड तेवढं मागे राहतं. कूल ईलाच्या ग्लासात विझलेली चूल असते. ग्लेनड्रॉनकच्या ग्लासात आमच्या बायकोला डिंकाच्या लाडवाचा डबा सापडला. ती व्हिस्की पीत नाही. ग्लास मात्र आता तीच माझ्याआधी हुंगते.